टेबलावरची आज्ञावली वावरात

बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या कापूस बाजाराचे नाव तुम्ही भूगोलाच्या तासाला ऐकले असेल. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकण्यात आला, तो मुख्यतः या कापसासाठीच. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या जुन्या जिनांत एकच मोठे इंजिन असे. त्याच्या जोरावर छताजवळ एक लांब लोखंडी दांडा फिरे, दांड्यावरच्या चाकांना पट्टे लावलेले असत आणि प्रत्येक पट्टा खालचे एकेक यंत्र फिरवी. कोणते यंत्र कोठे ठेवायचे हे माणूस ठरवीत नसे, तो दांडा ठरवी. पुढे विजेच्या लहान मोटारी आल्या. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि दांडा गेला, पट्टेही गेले.

आता तुमच्या घरात मोटारी किती आहेत, मोजून पाहा. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप एवढे कोणीही सांगेल. पण मोबाइल फोन थरथरतो तोही आतल्या एका चिमुकल्या मोटारीमुळे, हे पटकन सुचत नाही. मोटारी इतक्या झाल्या की त्या दिसेनाशा झाल्या!

संगणकाचेही असेच होईल, असे अमेरिकेतील मार्क वायझर या शास्त्रज्ञाने 1988 च्या सुमारास म्हणायला सुरुवात केली. ते कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत. 1991 साली त्यांनी ही कल्पना एका लेखात सविस्तर मांडली आणि तीत मोटारींचाच दाखला दिला. टेबलावर एक मोठा संगणक आणि त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलेला माणूस, हे चित्र फार दिवस टिकणार नाही. तळहातावर मावणारे, वहीच्या पानाएवढे आणि शाळेच्या फळ्याएवढे असे अनेक संगणक आपल्या अवतीभवती पसरतील व माणसाला त्यांच्याकडे मुद्दाम जावे लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराला सर्वव्यापी संगणन असे नाव आहे. वायझर 1999 साली वारले. आजचा मोबाइल फोन त्यांना पाहायला मिळाला नाही.

पण येथे एक अडचण आहे, आणि आजचा आपला पाठ तिच्याविषयीच आहे. यंत्र लहान झाले म्हणजे त्याच्यावरची आज्ञावली आपोआप नव्या जागी शोभेल काय? टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेली रोजच्या कामाची आज्ञावली उचलून फोनवर टाकली, अक्षरे बारीक केली, बटणे जवळजवळ आणली की झाले काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. चिखलीच्या किंवा संग्रामपूरच्या एखाद्या वावरात जाऊ या. (वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

सातबाऱ्यातला बारा

सातबारा हा शब्द घरोघरी असतो. पण तो दोन आकड्यांचा आहे याकडे लक्ष जात नाही. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची आहे ते असते आणि गाव नमुना 12 मध्ये तिच्यात कोणते पीक, किती क्षेत्रावर आहे ते असते. सात सहसा वर्षानुवर्षे तसाच राहतो; बारा दर हंगामात बदलतो. तो भरण्याचे काम तलाठ्याचे. एकेका गावात शेकडो गट, तलाठ्याकडे बहुधा एकाहून अधिक गावे, आणि पीक तर थोडेच दिवस उभे. सगळे गट डोळ्यांनी पाहून नोंदवणे किती कठीण, याचा हिशेब तुम्हीच करा.

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात हे काम उलटे करण्यात आले. ई-पीक पाहणी नावाचे अ‍ॅप राज्यभर सुरू झाले आणि शेतकऱ्याने आपल्या वावरात उभे राहून आपले पीक आपणच नोंदवावे, असे ठरले. गट निवडायचा, हंगाम निवडायचा, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाणी कशाचे ते भरायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती पाठवून द्यायची. म्हणजे कचेरीतल्या टेबलावरची एक नित्याची नोंदवही थेट बांधावर आली.

ही नोंद नुसती कागदापुरती नसते. 2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे 2024 साली ठरवले, तेव्हा प्रथम ज्यांनी ई-पीक पाहणीत नोंद केली होती त्यांचाच विचार झाला. ज्यांच्या वावरात सोयाबीन होते पण अ‍ॅपमध्ये नव्हते, ते यादीबाहेर राहिले. पुढे अट शिथिल करून सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही घेण्यात आले. बुलढाणा जिल्हा सोयाबीन आणि कापसाचा. तेव्हा या गोष्टीची चर्चा तुमच्याही घरी झाली असेल. आज्ञावली वावरात नीट चालली नाही तर काय होते, ते यावरून ध्यानात यावे.

टेबलाने धरून ठेवलेल्या गोष्टी

कोणतीही आज्ञावली लिहिताना लिहिणारा काही गोष्टी न बोलता धरून चालतो. टेबलावरच्या संगणकासाठी लिहिणारा काय धरतो? वीज आहे. संपर्काची तार जोडलेली आहे. डोक्यावर छप्पर असल्यामुळे पडद्यावर ऊन पडत नाही. समोर बसलेला माणूस हेच काम रोज करतो, त्याचे हात कोरडे आहेत आणि त्याला घाई नाही. यापेक्षाही खोल दडलेले एक गृहीत आहे: संगणक कोठे ठेवला आहे याला काही महत्त्व नाही. चिखलीच्या गटाची नोंद चिखलीत बसून करा की मुंबईत, संगणकाला सारखेच.

वावरात यातले काहीच खरे नसते. ऑगस्टचा महिना, ढगांच्या फटीतून कडक ऊन, हाताला काळ्या मातीचा चिखल. फोन मुलाचा किंवा नातवाचा आणि त्यात वीज थोडीशीच उरलेली. पडद्यावर प्रश्न येतो: गट क्रमांक? नातू विचारतो, तेव्हा आजोबा म्हणतात, “बाभळीचं वावर म्हण ना! तो नंबर कोन ध्यानात ठेवते?”

आजोबांचे चुकले असे मुळीच समजू नका. माणसे वावराला झाडावरून, नाल्यावरून, विहिरीवरून ओळखतात. गट क्रमांक ही कचेरीची भाषा आहे. तसेच घरात जिला सगळे पऱ्हाटी म्हणतात, ती पडद्यावरच्या यादीत कापूस या नावाने बसलेली असते. येथे चांगली आज्ञावली काय करते, तर लिहायला लावत नाही, निवडायला लावते. खातेदाराचे नाव एकदा कळले की साऱ्या गावाच्या शेकडो गटांऐवजी फक्त त्याच्या नावावरचे दोन-तीन गट समोर ठेवते. खरीप निवडला तर त्याच हंगामाची पिके दाखवते. दोनशेतून एक शोधण्यापेक्षा तिनातून एक शोधणे सोपे, हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही. पण टेबलावर बसून लिहिणाऱ्याला ते सुचावे लागते. आणि फोन घरटी एकच असेल, शेजाऱ्याकडे मुळीच नसेल, हेही धरले पाहिजे. म्हणून या अ‍ॅपमध्ये एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते.

जागा हाच पुरावा

आता त्या खोल दडलेल्या गृहीताकडे वळू. वावरात आल्यावर ‘कोठे’ हा प्रश्न सर्वांत मोठा होतो, कारण फोटो त्याच वावरातला आहे हे त्या जागेवरूनच ठरते. फोनला आपली जागा कशी कळते?

पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत संदेश पाठवीत असतात: ‘मी अमुक, अमुक जागी आहे आणि आता अमुक वाजले आहेत.’ संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला 3 लाख किलोमीटर, येतो. तो किती वेळाने पोचला यावरून अंतर निघते. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात 300 मीटरची चूक होते! उपग्रहांतील घड्याळे अणूंच्या कंपनांवर चालणारी आणि अत्यंत अचूक. फोनमधले मात्र साधे. म्हणून जागेचे तीन अज्ञात आणि फोनच्या घड्याळाची चूक हा चौथा, अशा चार अज्ञातांसाठी निदान चार उपग्रह लागतात. चार अज्ञातांना चार समीकरणे, हे बीजगणितात तुम्ही शिकालच.

यातून अ‍ॅप लिहिणाऱ्याने शिकण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. उपग्रह आपला पत्ता फार सावकाश सांगतो, सेकंदाला फक्त 50 बिट. नेटवर्क असेल तर फोन ही माहिती त्यावरून काही क्षणांत घेतो. नेटवर्क नसेल तर ती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते आणि पूर्ण ऐकायला 30 सेकंद लागतात, कधी त्याहून जास्त. तेव्हा फोटोचे बटण दाबल्यावर जागा शोधायला लागणारे अ‍ॅप माणसाला उन्हात उभे करून ठेवते. अ‍ॅप उघडताक्षणीच शोध सुरू केला, तर शेतकरी पीक आणि क्षेत्र भरतो आहे तोवर जागा सापडून गेलेली असते. काम तेवढेच, फक्त क्रम बदलला.

उघड्या आकाशाखाली फोन सांगतो ती जागा सुमारे 5 मीटरच्या आत बरोबर असते. झाडाखाली किंवा कड्याजवळ चूक वाढते. अक्षांशाच्या चौथ्या दशांश स्थळातला 1 म्हणजे जमिनीवर सुमारे 11 मीटर. बुलढाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेवीस अंशांच्या आसपास, रेखांशाच्या चौथ्या स्थळातला 1 म्हणजे सुमारे साडेदहा मीटर. (हा फरक का? विषुववृत्तापासून दूर जावे तशी रेखावृत्ते जवळ येतात.)

जागा कळली; पण ती आपल्या गटातली आहे की नाही हे कसे ठरवायचे? 2022 साली आलेल्या सुधारित ई-पीक पाहणीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश साठवले गेले. फोटो काढताना उभ्या जागेपासून मध्यबिंदू किती लांब आहे ते अ‍ॅप दाखवी आणि माणूस फार दूर असेल तर तसा संदेश देई. सुधारणा चांगलीच होती. तरी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यातली खोच पाहा.

समजा एक वावर 30 मीटर रुंद आणि 400 मीटर लांब आहे. वाटण्या होत होत अशा पट्ट्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत. क्षेत्रफळ 12,000 चौरस मीटर, म्हणजे 1.2 हेक्टर. आता मालक आपल्याच वावराच्या टोकाला, रस्त्याकडेला उभा राहिला. मध्यबिंदू त्याच्यापासून 200 मीटरवर. त्याला ‘आत’ म्हणायचे तर मध्यबिंदूभोवती 200 मीटर त्रिज्येचे वर्तुळ मान्य करावे लागेल. या वर्तुळाचे क्षेत्रफळ किती? सुमारे 12.5 हेक्टर, वावराच्या दहापट! दोन्ही बाजूंच्या सहा-सहा पट्ट्या त्या वर्तुळाने पार ओलांडल्या. उलट त्रिज्या 50 मीटर घेतली, तर शेजारचा माणूस आपल्या बांधापलीकडे उभा राहूनही आत येतो आणि खरा मालक टोकाला असला तर बाहेर पडतो. वावर गोल नसते, एवढीच गोष्ट. पण वर्तुळाला ती सांगता येत नाही.

म्हणून पुढची पायरी गटाच्या पूर्ण सीमेची. नकाशातले प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपला दिले, की माणूस त्या बहुभुजाकृतीच्या आत आहे की बाहेर हे काढता येते. 2024 पासून ई-पीक पाहणीच्या नव्या, डिजिटल क्रॉप सर्व्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रूपात असे नकाशे वापरात आले.

आत की बाहेर हे संगणक कसे ओळखतो, याची रीत इतकी सुंदर आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. उभ्या जागेपासून कोणत्याही एका दिशेने सरळ रेघ लांबवर काढा. ती सीमेला किती वेळा छेदते ते मोजा. संख्या विषम असेल तर तुम्ही आत, सम असेल तर बाहेर. कारण सोपे आहे: दर छेदाला रेघ आतून बाहेर किंवा बाहेरून आत जाते, आणि शेवटी खूप लांब ती बाहेर असते हे नक्की. मग आरंभी कोठे होती ते उलटे मोजत यायचे. नाल्याच्या वळणांनी सीमा कितीही वेडीवाकडी झाली तरी ही रीत चुकत नाही.

तरीही एक शंका उरतेच. जागाच 5 मीटर इकडेतिकडे असू शकते. आपल्या 30 मीटर रुंद पट्टीत दोन्ही बांधांलगतच्या 5-5 मीटरांत उभ्या असलेल्या माणसाविषयी खात्रीने काही सांगता येत नाही; म्हणजे वावराचा एक-तृतीयांश भाग शंकेचा! अशा वेळी आज्ञावलीने ‘तुम्ही गटाबाहेर आहात’ असे ठणकावून सांगणे मला चुकीचे वाटते. मोजणाराच साशंक असेल तर त्याने थोडी सूट द्यावी, ‘दहा पावले आत या’ म्हणावे आणि तरीही जमेना तर ती नोंद माणसाच्या पडताळणीकडे पाठवावी.

टपालपेटीची युक्ती

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या तालुक्यांची वाटणी घाटावरचे आणि घाटाखालचे अशी करतात. अजिंठ्याच्या रांगा मधून जातात आणि उत्तरेला सातपुडा उभा आहे. मोबाइलच्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात. डोंगराआड त्यांची सावली पडते. पीक मात्र नेटवर्क पाहून उगवत नाही.

टेबलावरची आज्ञावली संपर्क तुटला की थांबते. वावरातल्या आज्ञावलीने टपालपेटीसारखे वागावे. पत्र टाकणारा गाडी येईपर्यंत पेटीजवळ उभा राहत नाही. नोंद आणि फोटो फोनमध्ये ठेवायचे व गावात, चावडीजवळ, जेथे नेटवर्क मिळेल तेथे पाठवायचे. ई-पीक पाहणीत अशी सोय ठेवलेली आहे. ती ठेवणे वाटते तितके सोपे नाही. असे समजा की फोनने नोंद पाठवली, ती तिकडे पोचली, पण ‘पोचली’ हा निरोप परत येताना संपर्क तुटला. फोनला वाटते, गेलीच नाही. तो पुन्हा पाठवतो. आता एकाच वावरात सोयाबीन दोनदा! यावर तोड रजिस्टर टपालाची आहे. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तिकडच्या संगणकाने नवी नोंद न करता फक्त पोचपावती पुन्हा द्यायची.

फोटोचे वजनही पाहिले पाहिजे. चांगल्या फोनचा फोटो 3 मेगाबाइटचा, म्हणजे सुमारे 2 कोटी 40 लाख बिट. क्षीण नेटवर्कवर सेकंदाला 40,000 बिट जात असतील तर 600 सेकंद, तब्बल दहा मिनिटे लागतील. तोच फोटो फोनवरच लहान करून 100 किलोबाइटचा केला तर 20 सेकंद. सोयाबीन ओळखायला पानावरचा प्रत्येक केस दिसण्याची गरज नाही.

आणि चूक झाली तर? टेबलावर चूक झाली की मागे जाऊन दुरुस्त करता येते. वावरात घाईत हरभऱ्याऐवजी दुसरेच काही दाबले गेले तर रात्री घरी आल्यावर लक्षात येते. 2022 च्या आवृत्तीत नोंदीनंतर 48 तासांच्या आत दुरुस्तीची मुभा देण्यात आली, ती यासाठीच.

साखर कारखान्यातली एक जुनी गोष्ट

टेबलावरचे काम फोनवर आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात ई-पीक पाहणीच्या कितीतरी आधी झाला होता. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे 1998 साली वारणा वायर्ड व्हिलेज ही योजना आली. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील गावांत संगणक केंद्रे बसवली गेली आणि ती कारखान्याशी जोडली गेली. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील काही संशोधकांनी या केंद्रांत लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहिले. पाहतात तो काय, संगणकाची सारी ताकद बाजूला आणि काम मोजकेच: उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, असली माहिती इकडून तिकडे नेणे. एवढ्यासाठी संगणक कशाला? त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि त्यावरचे लघुसंदेश वापरून पाहिले आणि 2007 साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. कामे होऊ लागलीच, शिवाय शेतकऱ्याला केंद्रापर्यंत न जाता स्वतःच्या फोनवरून आपल्या उसाची माहिती विचारता येऊ लागली.

या गोष्टीतला पहिला धडा स्पष्ट आहे: आज्ञावली हलवण्यापूर्वी तिच्यातले नेमके काय वापरले जाते ते जाऊन पाहावे. दुसरा गणिताचा आहे. एका लघुसंदेशात 1,120 बिट मावतात. रोमन अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 16 बिट लागतात, म्हणून 70 च. आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी निराळी चिन्हे. ‘सोयाबीन’ या शब्दाचीच सात चिन्हे होतात, मोजून पाहा. मराठीत बोलणाऱ्या आज्ञावलीने थोडक्यात बोलायला शिकले पाहिजे.

वाघाच्या गळ्यातला संगणक

थोडक्यात बोलण्याचे आणखी एक कारण म्हणजे वीज, आणि त्याचे उत्तम उदाहरण बुलढाण्याच्याच जंगलात येऊन पोचले होते. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात जागा सांगणारा पट्टा बसवला गेला. वाघ निघाला तो महाराष्ट्र आणि तेलंगणातून हिंडत त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. सुमारे नऊ महिन्यांत त्याने 3,000 किलोमीटर चाल केली आणि पट्ट्याने पाच हजारांहून अधिक ठिकाणे नोंदवली. 2020 साली पट्टा काढण्यात आला.

या वाघाला रोज संध्याकाळी चार्जर लावायला कोण जाणार? म्हणून पट्टा सतत जागा राहत नव्हता. दर तासाला जागा टिपायची आणि मधल्या वेळी झोपायचे, अशी त्याची रीत होती. समजा जागे होऊन जागा टिपायला एक मिनिट लागले, तर सतत जागे राहण्याच्या मानाने विजेचा खर्च साठाव्या भागाच्या आसपास येतो. तुमच्या फोनमधले एखादे अ‍ॅप गरज नसताना क्षणोक्षणी जागा विचारत असेल, तर ते या पट्ट्यापेक्षा अडाणी आहे असे खुशाल समजा.

वाघावरून आणखी एक विचार मनात येतो. आपण कोठे फिरलो हे कोणाला कळावे, असे त्याला कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारता येते, आणि आपण विचारले पाहिजे. पिकाच्या फोटोबरोबर जागा पाठवणे योग्य, कारण ती त्या कामासाठी लागते. बाजारभाव पाहण्याच्या अ‍ॅपने मात्र तुमची जागा दिवसभर का मागावी?

करून पाहा

या पाठातली निम्मी गंमत हातांनी केल्याशिवाय कळणार नाही. वर्गातल्या एखाद्याच्या घरचा फोन शिक्षकांच्या परवानगीने आणा. शाळेच्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहून अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत टिपा. तासाभराने पुन्हा टिपा. दोन्ही वेळा आकडे तेच येतात का? वर दिलेल्या मापांवरून मैदानाची लांबी-रुंदी काढा आणि दोरीने किंवा टेपाने मोजलेल्या मापाशी ताडून पाहा. एक कोपरा झाडाखाली असेल तर उत्तम, चूक कोठे वाढते ते दिसेल.

दुसरे काम वावरातले. सुटीच्या दिवशी घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाबरोबर बांधावर जा. अ‍ॅप वापरताना ते कोठे अडतात, कोणता शब्द पुन्हा विचारतात, ऊन लागू नये म्हणून फोन कसा धरतात, हे नुसते पाहा; सांगायला जाऊ नका. पाहिलेले वहीत लिहून ठेवा. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर घाटावरचे आणि घाटाखालचे लोक एकाच ठिकाणी अडतात की निरनिराळ्या, तेही कळेल.

तिसरे कागदावरचे. नाल्याकाठच्या एका वेड्यावाकड्या वावराची आकृती काढा, आत आणि बाहेर दहा ठिपके द्या आणि छेद मोजून प्रत्येक ठिपका आत की बाहेर ते ठरवा. बहुतेक वेळा रीत बिनचूक चालेल. पण एखाद्या ठिपक्यापासून काढलेली रेघ नेमकी वावराच्या कोपऱ्यातून गेली, तर तो छेद एक धरायचा की दोन? दोन्ही प्रकारचे कोपरे काढून पाहा; एका ठिकाणी एक धरला तर उत्तर बरोबर येते, दुसऱ्या ठिकाणी चुकते. मग संगणकाला कोणता नियम सांगावा, हे शिक्षकांना विचारण्यापूर्वी स्वतः शोधा.